कोरा ठेवलेला रकाना

ता. ११ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? शेक घेतेस की नुसतंच कण्हतेस? इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई जेवते नीट. परवा तिने खिडकीतल्या कुंडीला चहा पाजला, एवढंच.

आईसाठी सरकारकडून मदतनीस मिळते, रोज दोन तास, फुकट, हे तुला मागे सांगितलं होतं. पुढे काय झालं ते कसं सांगू? मलाच धड कळलेलं नाही. त्या कचेरीत चार नंबरच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आजींना घेऊन या."

"आईला जिने उतरवत नाहीत, म्हणून तर अर्ज करतेय."

"मग तसा डॉक्टरांचा दाखला आणा."

डॉक्टर म्हणाले, "तपासल्याशिवाय कसा देऊ? आणा त्यांना."

हसू नकोस. मी दोघांनाही "थँक्यू" म्हणून आले. कॉन्व्हेंटचं वळण, दुसरं काय!

अखेर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी डॉक्टरांना घरी आणलं, दाखला झाला आणि तपासणीच्या बाई यायची तारीख मिळाली. त्या दिवशी मी सकाळपासून घर घासलं. गादीवरचं प्लास्टिक कपाटात कोंबलं. आईचे केस विंचरले, निळा स्वेटर घातला. शाळा तपासायला साहेब यायचे तेव्हा सिस्टर आपल्याला नखांपासून बुटांपर्यंत कशा घासून काढायच्या, आठवतं? ते हाडात मुरलंय गं.

आणि आई! बाईंनी विचारलं, "आजी, स्वतः उठता येतं का?" तर टुणकन उभीच राहिली.

"चहा करता येतो?"

"येतो म्हणजे काय? तुम्ही साखर किती घेता ते सांगा."

बाई हसल्या. मीही हसले. खरं सांगू? मला अभिमान वाटला. ती गॅस पेटवायला विसरते, किंवा पेटवून विसरते, हे तेव्हा सांगायला हवं होतं. तिच्यासमोर मला ते बोलवलं नाही.

मागच्या आठवड्यात निकालाचं पत्र आलं. "अर्जदार स्वावलंबी आहेत. घरात देखभालीसाठी व्यक्ती पूर्णवेळ उपलब्ध आहे." पहिलं वाक्य आईमुळे. दुसरं माझ्यामुळे.

बाईंनी मला विचारलं होतं, "यांना एकटं ठेवून जावं लागतं का?" मी म्हटलं, "कधीच नाही."

मी जाते, भिंगरी. बाहेरून कुलूप लावून जाते. त्या खिडक्यांसमोर रांगेत उभं राहायला दुसरं कोण आहे? सहा वेळा गेले. शेवटच्या खेपेला चार तास लागले. परत आले तर आई दाराला टेकून जमिनीवर बसली होती. पायात चपला, मांडीवर पर्स, कपडे ओले. मला म्हणाली, "बाई, माझ्या मुलींना सोडा ना आता. मी केव्हाची बाहेर उभी आहे."

मी म्हटलं, "येतायत हं, दप्तर भरतायत."

आता तू म्हणशील, ताई, फोनवर तर आई छान बोलते. बोलते. मी शेजारी बसून उत्तरं सांगत असते. तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरते. तुला तिकडे घोर नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. पण ती तुझं नाव विसरली हे तुला कळलं तर ते खरं होईल, अशी मला भीती वाटत होती.

मी त्यावर हरकत घेतली, म्हणून एकवीस तारखेला फेरतपासणी आहे. त्याआधी फॉर्म भरायचा. त्यात तोच प्रश्न आहे, एकटं ठेवता का? खरं लिहिलं तर मदतनीस देतील, की मला नालायक ठरवून आईलाच कुठे घेऊन जातील? चार नंबर म्हणते नऊला विचारा. नऊ म्हणते, "ते आमच्याकडे येत नाही."

तो रकाना मी कोरा ठेवला आहे. तू ये. तू समोर असलीस तर लिहीन, आणि त्या बाईंना आतल्या खोलीत नेऊन, आईला ऐकू जाणार नाही असं, तोंडानेही सांगेन. मी अडखळले तर पुढचं तू सांग.

आई तुला ओळखणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. रडू आलं तर जिन्यात रडून घे, मग बेल वाजव.

तुझी, फार दमलेली,
ताई