फेरात समोर कोण

३ ऑगस्ट, पेण
माहेरच्या, निडीच्या बायकांचा गौरीचा नाच इथल्या एका मंडळाच्या स्टेजवर. मीच ठरवलं. शेतातली लावणी उरकलीय, त्याही तयार झाल्या. मंडळाची एकच अट: गोल नको, अर्धगोल. ‘पाठी दिसतात मॅडम, फोटोत काय येणार?’ तेव्हा पटलं.

७ ऑगस्ट, निडी
दुपारी अंगणात तालीम. भागीकाकी गाणं सांगते, तिची सून सुरेखा आणि सुरेखाच्या बाजूच्या बायका झेलतात, की पुन्हा काकी. आज फेर उघडून अर्धगोल केला आणि गाणं मोडलं. काकी कधी सुरेखाची ओळ संपायच्या आत सुरू, कधी सगळ्या वाट बघतायत तरी गप्प.
शेजारची विठा म्हणाली, ‘काकी, गौर येऊन जाईल गो, तुझी ओळ यायची हाय अजून.’ हसल्या सगळ्या. काकीही हसली, जरा उशिरा.
निघताना सुरेखा सासूबद्दल हळूच म्हणाली, ‘एक बरं झालं वन्सं. आत्या समोर नायत. फेरात माझ्या तोंडाकडं टक लावून असतात. कुठं चुकते ते धरायला. किती वर्षं झाली.’

९ ऑगस्ट, निडी
काकीकडेच राहिले. ती भाकऱ्या थापत होती. मागून हाक मारली, पुन्हा मारली. वळली नाही. समोर जाऊन बसले तर लगेच बोलायला लागली.
विचारलंच. ‘डावा कान गेला,’ म्हणाली. ‘उजवा अर्धा.’ हात थांबले नाहीत. ‘फेरात सुरेखाचं तोंड दिसतं. तिची ओळ संपली की कळतं. तेवढं पुरतं.’
डॉक्टरकडे जाऊ म्हटलं.
‘नको. कळलं की सगळी माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलायला लागतील. आता निदान मागच्या दारी तरी जातात.’ मग, ‘आणि सुरेखाला तर नायच. गाणं तिच्याकडं गेलं की मी काय, टाळ्या वाजवू?’
शब्द दिला.

११ ऑगस्ट, पेण
मंडळाला फोन. गोलच असू द्या म्हटलं. का, तर परंपरा. भारी शब्द, खरं कारण नव्हे. ‘बघतो’ म्हणाले.
सुरेखाला एक वाक्य सांगितलं तर तिच्या मनातली अढी जाईल… पण काकीला शब्द दिलाय.

१४ ऑगस्ट, निडी
मंडळ ऐकत नाही. काकीला समोर बसून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘मग मी ह्या टोकाला. सुरेखाला त्या टोकाला उभी करा.’ टोकं समोरासमोर येतात. गाणं बऱ्यापैकी सलग गेलं. सुरेखाचा चेहरा उतरलेला.
नंतर मोरीवर भांडी घासताना तिनं मला धरलं. ‘स्टेजवर पण? चारचौघांत पण पहारा? काय सांगितलं त्यांनी तुम्हाला माझं?’
‘तुझं काही नाही.’
‘मग कुणाचं?’
मी विसळत राहिले. आत कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. काकी त्याच्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, मानही न वळवता तांदूळ निवडत बसलेली. सुरेखा तिकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.
‘कधीपासून?’
ती तशाच ओल्या हातांनी आत गेली, गॅस बंद केला आणि काकीच्या समोर जाऊन बसली. काय बोलली ते मोरीपर्यंत पोचलं नाही.