राणी मुंगीच्या कंबरेच्या गाठी

लातूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज टँकरच्या नळाखाली चिखलात राणी मुंगी सापडली, पंख गळालेली. घागर तिथंच टाकली आणि तिला औषधाच्या बाटलीत घालून अप्पांकडं आणली. अप्पा, माझे वडील, नांदेडला कॉलेजात शिपाई होते, पण प्राध्यापक किडे ओळखायला त्यांच्याकडंच यायचे. आता मोतीबिंदूनं सगळं धूसर दिसतं.

"मुंगळ्याची राणी हाय," बाटली डोळ्याला भिडवून ते म्हणाले. "कंबरेला एकच गाठ असंल बघ."

भिंगातून पाहिलं. दोन होत्या. पुन्हा दोनदा पाहिलं, तरी दोनच. काय बोलावं? लातूर नवा जिल्हा झाला, माझी बदली इथं झाली आणि माझ्यापायी त्यांचं नांदेड सुटलं. या दुष्काळी गावात त्यांना कोण काय विचारतं? हो म्हणून टाकावंसं वाटलं.

"अप्पा, दोन हायत."

त्यांनी चाचपडत बाटली हातात घेतली. चुकलं का माझं?

"नीट मोजल्या का, माय?"

"हाव. तीनदा."

"मग दाणे साठवणारी असंल. नेमकी जात कामकरी मुंग्या निघाल्यावर कळंल. तवर जिवंत ठेव."

मग बाटलीवर चिठ्ठी लावायला सांगितली. ओळखणाराचं नाव खाली लिहितात. मी 'अप्पा' लिहायला लागले, तर त्यांनी हात धरला.

"तुझं लिही."