हंसाचा जिना

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, खरंच वाकलो तर गुडघे वाजतात आणि आतून तात्या ओरडतात, "बेअरिंग गेलं!"). तुझी पाठ, भाऊजींचा खोकला आणि तुमचा जुना मिक्सर, तिघंही कमीअधिक आवाज करत चालू असतील अशी आशा आहे. इकडे क्षेम आहे, म्हणजे नवीन काही बिघडलेलं नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्या घराच्या खोल्या गरजेप्रमाणे वाढल्या नाहीत, कारखान्यातल्या गाड्यांप्रमाणे वाढल्या. आजोबांनी 'पेटी' गाडीचे पत्रे ठोकले; त्या जादा पाळ्यांच्या पैशांतून पुढची खोली झाली. तात्या तपासनीस झाले आणि 'बेडूक' धो धो खपली. स्वयंपाकघर आणि तुझं लग्न या दोन्ही बेडकाच्या देणग्या. मग मी. संस्कृतच्या दुसऱ्या वर्षातून उचलून मला गिअरबॉक्सवर बसवलं, कारण तात्यांनी लवकर निवृत्ती घेऊन मुलासाठी जागा मागून घेतली होती (बीजांकुरन्याय: बी आधी की अंकुर आधी ते सांगता येत नाही, कारखाना मात्र दोघांच्याही आधी). माझ्या वाट्याला 'हंस' आली. तिच्या भरवशावर मी वरच्या मजल्यासाठी जिना बांधला, आणि जिना पुरा झाला त्याच महिन्यात हंस बंद झाली. तेव्हापासून चौदा पायऱ्या थेट आकाशात जातात. संस्कृतात याला अजागलस्तन म्हणतात, शेळीच्या गळ्यातले सड: दिसतात, दूध नाही. तुझी भावजय तिथे कपडे वाळत घालते. एवढं करून तीन पिढ्यांत दारात गाडी नाही. घेऊ म्हटलं की तात्या म्हणतात, "आत काय काय असतं ते मला माहितेय."

आता कारखाना विजेच्या गाड्या करणार. त्यांना गिअरबॉक्सच नसतो, तेव्हा मीही नसलो तरी चालेल, असं साहेबांनी फार गोड शब्दांत सांगितलं. लवकर निवृत्ती घ्या, मुलीला बॅटरी विभागात जागा देतो. अर्जात त्यासाठी एक चौकोन: वारसाचं नाव. तात्या रोज सकाळी विचारतात, "भरलास का?" पोरीला मात्र वाद्यं दुरुस्त करायला शिकायचंय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, तोही परगावी. मी म्हटलं, "त्यावर पोट भरेल का गं?" तर म्हणते, "बाबा, संस्कृतच्या दुसऱ्या वर्षी तुम्हाला कुणी काही विचारलं होतं का?" विचारलं नव्हतं. गिअर न पडलेल्या गाडीसारखा मी जागच्या जागी नुसता घरघरत राहिलो.

तात्यांची तपासणी अजून सुटलेली नाही. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर खडूची खूण होते. डबा, छत्री, मी. (तुला पाहायला आलेल्या भाऊजींच्या पाठीवरही केली होती, आठवतं? "पास, पण डावा खांदा किंचित उतरता.") अर्जाची मुदत शुक्रवारी संपली. बाकी विशेष नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता.क. तो चौकोन मी रिकामा ठेवून अर्ज देऊन आलो. तात्यांना सांगितलेलं नाही. रविवारी तू ये आणि सांग. तुझ्यावर ते ओरडत नाहीत. मी त्या वेळी जिन्यावर असेन.

ता.क. २. हे पत्र भाजीच्या रिकाम्या पिशवीत तळाशी लपवून नेतोय. तेवढी एक तपासणी चुकेल.

बाळ, तुझ्या भावाची रिकामी पिशवी जड लागली, म्हणून पत्र तपासलं. याच्या पोरीने मला महिन्यापूर्वीच सारं सांगितलंय. मी रोज "भरलास का" विचारत होतो ते, भरला असता तर खोडायला लावायला. पन्नाशीत तरी हा स्वतःहून नाही म्हणतो का, ते बघायचं होतं. वरच्या मजल्याचं राहू दे. कपडे चांगले वाळतात. तू रविवारी ये मात्र, याचा चेहरा बघण्यासारखा झालाय. याला कॉलेजातून उचललं तेव्हा विचारायचं राहिलं, तो दोष माझा; तेवढी नोंद कर. बाकी पास.
– तात्या