अलिबागच्या डॉक्टरांनी काल सांगितलं ते

आत्या,

‘प्रिय’ लिहायला गेले होते, पण हात थांबला. तू जाऊन सव्वा महिना झाला आणि मी तुझ्यावर रागावले आहे. हे बोलायला दुसरं कोण आहे मला? आई मला आठवत नाही, बाबांनी दुसरा संसार थाटला. माझं माणूस म्हणजे तूच. म्हणून भांडणही तुझ्याशीच.

तुझ्या बाराव्याला फरीदाबाई आल्या होत्या. दवाखान्यातल्या जुन्या नर्स, मला टाके पडले तेव्हा माझा हात धरून बसलेल्या. माझ्या गालाकडे बघत म्हणाल्या, “शैला, तुला मुंबईला नेलंच नाही का गं? डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली होती. मीच तुझ्या आत्याच्या हातात ठेवली.”

मी म्हटलं, “कसली चिठ्ठी?”

आधी विषय टाळायला बघितलं, पण मग सांगितलंच. मी नऊ वर्षांची, न्हाणीच्या पत्र्यावर पडले, कानापासून ओठापर्यंत गाल फाटला. टाके सुटल्यावर व्रण दोरीसारखा उंच झाला, तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. आणि घरी येऊन तू मला काय सांगितलंस? “डॉक्टर म्हनले, आता काय न्हाय व्हनार. असंच रहायचं, बाय.”

पंचवीस वर्षं मी ते खरं मानलं गं!

तू घाबरली होतीस, ते मला कळतं. तुझे यजमान, काका, साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनला गेले आणि भुलीतून उठलेच नाहीत. त्यानंतर ऑपरेशन हा शब्दही तू घरात काढू द्यायची नाहीस. नऊ वर्षांच्या मला तू नेलं नाहीस, ते मी एक वेळ समजून घेईन. पण अठरा झाल्यावर? तेव्हा माझी सही मीच केली असती. तेव्हा का नाही सांगितलंस?

डी. एड.ला अलिबागच्या हॉस्टेलवर गेले होते, आठवतं? मुली वाईट नव्हत्या, नुसतं विचारायच्या, “काय झालं गं?” रोज नवी मुलगी, रोज तोच प्रश्न. बाराव्या दिवशी पेटी घेऊन परत आले. एसटी स्टँडवर तू उभी होतीस. “आलीस ना, बरं झालं,” म्हणालीस आणि घरी येऊन पातोळ्या केल्यास. मी रडत खात होते. तू मात्र हसत वाढत होतीस, आत्या. आता तेच डोळ्यांसमोर येतं. मी परत आले याचा तुला आनंद झाला होता ना?

एकटं राहायची भीती होती, तर तसं म्हणायचंस. मी गेले नसते. किंवा गेलेही असते, दर शनिवारी परत आले असते. वादळात आपल्या वाडीतल्या अर्ध्या पोफळी झोपल्या, तेव्हा मी कुठे गेले? तुझ्याबरोबर चिखलात उभी राहून एकेक रोप लावलंच ना? माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता तुझा?

काल अलिबागला गेले. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. बोट फिरवून, गाल ओढून नीट बघितलं. म्हणाल्या, “पूर्ण पुसला जाणार नाही, तशी आशा देत नाही. उंचवटा इंजेक्शनांनी बराच बसेल. ओठाजवळ कातडी ओढली आहे तिथे छोटी शस्त्रक्रिया करू, तेवढ्याच जागेला भूल देऊन. मग लेझर, थोड्या थोड्या महिन्यांनी. उन्हापासून मात्र जपायचं.”

मी विचारलं, “लहानपणीच आले असते तर?”

त्या म्हणाल्या, “फरक पडला असता. किती, ते आज नाही सांगता येणार.”

बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि तुझ्या नावानं रडले. तू गेलीस त्या दिवशीही एवढी रडले नव्हते.

तेवढीच जागा बधीर करतात, आत्या! माणूस जागं असतं, डॉक्टरांशी बोलत असतं. तू एकदा विचारायचंस तरी. एकदा!

तुला माफ केलं असं आज लिहिणार नाही. खोटं पुष्कळ झालं या घरात. पण तुला वाईट म्हणणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही, हेही खरं. तापात माझ्या उशाशी बसणारी तूच होतीस, आणि ती चिठ्ठी दडवणारीही तूच.

गुरुवारी पहिलं इंजेक्शन आहे. फरीदाबाई सोबत येते म्हणाल्या, पण मी एकटीच जाणार आहे. तुला एक वचन देते. मला भीती वाटली तर ‘भीती वाटते’ असंच म्हणेन, दुसऱ्या कुणाला तिची किंमत मोजायला लावणार नाही. आणि ज्या दिवशी तुझ्यावरचा राग खरोखर जाईल, त्या दिवशी पुन्हा लिहीन. त्या पत्राची सुरुवात ‘प्रिय’नं करेन.

तुझीच, अजून रुसलेली,
शैला