सोमवारची चावी

५ मे
वडवणीत माझा संसार सुरू! घर हवेशीर, दारात लिंबाची गार सावली. सासूबाई दानम्मा मोकळ्या स्वभावाच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, धनश्री, लई वाळलीस गं, पोटभर खात जा. ह्यांचं, म्हणजे केदारनाथांचं, कापडाचं दुकान आहे. बैठकीत ह्यांनी हौसेनं आणलेलं जुनं लंबकाचं घड्याळ आहे. दर सोमवारी महादेवाची पूजा झाली की हे स्वतः त्याला चावी देतात. सासूबाई हसून म्हणाल्या, घड्याळ कसलं, तुझी सवत हाय ती.

१२ मे
बैठकीला रंग द्यायचा म्हणून घड्याळ आमच्या खोलीत हलवलं. ह्यांनी आधी लंबक काढला, मऊ धोतरात गुंडाळला आणि तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून आणला. भिंतीवर टांगल्यावर टिकटिक लंगडायला लागली. मग खालच्या बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकव, कान लाव, पुन्हा सरकव. मी नवी साडी नेसून समोर उभी होते. म्हणाले, बाजूला हो जरा, ऐकू येईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

१४ मे
हे दुकानात गेल्यावर लंबक काढला आणि मागच्या आडात टाकून दिला. लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! संध्याकाळी ह्यांनी थांबलेलं घड्याळ पाहिलं आणि जेवलेच नाहीत. मी मात्र दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१५ मे
घड्याळ बंद आहे. टिकटिक बंद नाही. सासूबाईंनी आवाजाचा माग काढत माझ्या छातीला कान लावला, आणि एकदम मागं सरकल्या.

१६ मे
माझ्याच बरगड्यांत आहे तो लंबक. आत हलतो — इकडून तिकडं —
ह्यांनाही ऐकू गेलं. कान लावून किती वेळ बसले! मला भीतीनं घाम फुटला होता, तरी उठावंसं वाटेना.

१९ मे
सोमवार. पूजा झाली. चावी घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, हालू नगं. पाठीत गार लोखंड — पण हात किती मायेचा —

२३ मे
सासूबाई घाबरून लेकीकडं गेल्या. मी भिंतीला टेकून उभी. वाकले की आत लंगडतं. ह्यांनी टाचेखाली पुठ्ठा सरकवला. गालावर हात ठेवला. सुखी आहे मी. सुखी —

२६ मे
सोमवार. आज पूजा नाही. चावी नाही. चौसाळ्यात कुणी जुनं घड्याळ विकतंय म्हणे, ते बघायला गेले. आधी चावी द्या म्हटलं, तर म्हणाले, आल्यावर बघू.
हात जड — टिकटिक हळू —
चौसाळ्याचं ते — माझ्यापेक्षा देखणं हाय का, एवढं तरी कुणी —