गंगव्वाची पिठलं-भाकरी

सोलापूर, १९७४. गुड फ्रायडे, संध्याकाळ.

लिही गं सुमे, आजी बोलते तसंच. तीन तास आमच्या देवळात, चर्चात बसून कंबर पार मोडली. घरी येते तर शेजारची गंगव्वा गोड शेंगापोळी घेऊन दारात. "सरकारनं सुट्टी दिलीया, तुमचा सण की आज!"

म्हटलं, "सण कसला गं? आज आमचा देव मेला."

बिचारी पोळी झाकून पळाली, आणि घटकेत पिठलं-भाकरी घेऊन हजर. "मयताच्या घरी चूल पेटवत न्हाईत, आजी. खावा."

रविवारपर्यंत माझा उपास असतो, आजवर कधी मोडला नाही. पण दुखवट्याची भाकरी परत कशी पाठवायची? मला देवाच्या घरचं माणूस समजणारी ही पहिलीच. बसून जेवले.

तो रविवारी पुन्हा जिवंत उठतो, हे काही तिला सांगवलं नाही.