कॉलरमधलं कापड

लीड्स, ४ ऑगस्ट १९३८

ति. हेडाताईस, धाकट्या एगॉनचा सा. न.

तू पाठवलेला राखाडी कोट पोचला. पोचला म्हणजे माझ्या घरमालकिणीने आधी स्वतः घालून आरशात पाहिला. बाईंची तीन मांजरं आहेत, त्यांच्याबद्दल पुढे कधीतरी. तर कोट होल्रॉइडसाहेबांच्या कपड्यांच्या कारखान्यात नेला. तुझा हात पसंत पडला तरच तुझ्या इथे येऊन काम करण्याच्या परवान्यासाठी ते सरकारकडे अर्ज करणार, हे तुला ठाऊक आहे. बर्लिनच्या आपल्या कपडेवाल्यांच्या चौकातल्या कोटांची इथे सगळेच नक्कल करतात, असं म्हणाले. मी छाती फुगवून उभा.

मग साहेबांनी चाकू काढला आणि कॉलर उसवली. आत ताठपणासाठी घालायच्या लिननऐवजी स्वस्त सुती कापड. दिसत नाही तिथे हात आखडला, म्हणाले, आणि मला कारण विचारलं. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, की लिनन महागलं असेल. साहेबांचा चेहरा उतरला. अर्ज तसाच पडून आहे, सही नाही. काय सांगू त्यांना, लवकर कळव.

लोभ असू द्यावा, कोटाची भरपाई मात्र मागू नये.

एगॉन

बर्लिन, ११ ऑगस्ट

चि. एगॉन यास अ. आ., आणि एक कानपिचकी.

लिनन महागलं म्हणे. अरे गाढवा, बाबांच्या कामखोलीत लोकरीच्या कोटाला लिनन कधी लागलेलं पाहिलंस? लोकर आणि लिनन एका वस्त्रात आणायचं नाही, असं आपलं यहुदी शास्त्र. बाबा ते शिकवायचे तेव्हा तू खिडकीतून उडी मारून नदीवर पळालेला असायचास. आत घोड्याच्या केसांचं कापड, त्यावर सुती, आणि कॉलर बोटावर वळवून घेत घातलेले बारीक हातटाके. चौकातले मोठे पेढीवाले आपलेच, पण शनिवारी, आपल्या विश्रांतीच्या पवित्र दिवशीसुद्धा दुकान उघडं ठेवणारे. पूर्वेकडच्या पोझेनहून आलेल्या बाबांची ते टर उडवायचे आणि कोट मात्र बाबांकडूनच शिवून घ्यायचे, कारण बाबांच्या हातची कॉलर कधी पडली नाही.

आता त्या पेढ्या आपल्या लोकांकडून गेल्या, पाट्या बदलल्यात. मी जिथे नमुने बेतायची, तिथल्या नव्या मालकाने मला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं. बाही बसेना म्हणून परवा त्याचाच माणूस मागच्या जिन्याने विचारायला आला होता. सांगितलं मी, बाहीचा काय दोष?

इथली हवा मला मानवेनाशी झाली आहे, एवढंच लिहिते. साहेबांना खरं ते सांग. आजच सांग, वाटेत कुठे रमू नकोस.

लोभ आहेच, अक्कल आली तर वाढेल.

हेडा

लीड्स, १९ ऑगस्ट

ति. ताईस सा. न.

वाटेत रमलो. बागेत पितळी वाद्यांचा बँड वाजत होता आणि त्यातला ढोलवाला हुबेहूब आपल्या मॉरित्झमामासारखा. पण कारखाना सुटायच्या आत पोचलो आणि सगळं सांगितलं, खिडकीतल्या उडीसकट. साहेबांनी उसवलेली कॉलर पाण्यात बुडवली, पिळली आणि वाफेच्या नळावर टांगून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कॉलर वाळून जशीच्या तशी उभी. साहेबांनी ती उलटसुलट दाबून पाहिली आणि म्हणाले, “गिऱ्हाइकाची नजर पोचत नाही तिथेही जो देवाला भितो, तो मला फसवायचा नाही. बोलाव बहिणीला.” सही माझ्यासमोर केली. अर्ज मी स्वतः टपालात टाकला, आणि पडला की नाही म्हणून पेटीत हात घालून पाहिलं तर हातच अडकला. ती गोष्ट भेटल्यावर.

लोभ तिथेच ठेवू नकोस, सोबत घेऊन ये.

एगॉन

हूक बंदर, हॉलंड, २० ऑक्टोबर

चि. एगॉन यास अ. आ.

हे पत्र माझ्यामागून पोचेल, तरी लिहिते. हात मोकळे आहेत आणि लिहिताना पाठीमागे बघावं लागत नाही. सरहद्दीवर शिपायांनी इंग्लंडचा परवाना पाहिला, पेटी उपसली, माझ्या कोटाची शिवण चाचपली, आणि जाऊ दिलं. गाडी हलली, सरहद्द मागे पडली. मग कोपऱ्यातली एक म्हातारी हसायला लागली, आणि सगळेच. मी मात्र झोपले. गाडीत मला कधी झोप लागत नाही, तुला ठाऊक आहे. इथल्या डच बाईने हलवून उठवलं आणि कॉफी दिली. तिने माझं नावही विचारलं नाही.

बोट आज निघते. उद्या इंग्लंडात हार्विचच्या धक्क्यावर न्यायला येणार म्हणतोस. तू उशीर करशीलच. कर. आता मला वाट बघायला हरकत नाही.

हेडा